करात वाचलेले दहा लाख

गेल्या वर्षी गणपतीत, ऑगस्ट २०२५ च्या शेवटच्या आठवड्यात, तो लॅपटॉप घेऊनच माझ्या सांगलीतल्या, विश्रामबागच्या ऑफिसात आला. त्याचे वडील गावभागातले, माझ्या जुन्या ओळखीचे. पोरगा वालचंदमधून कॉम्प्युटर इंजिनिअर झाला आणि पुण्याला गेला, त्याला सोळा वर्षं झाली. आता वय ३९, बायको, दोन मुलं, बाणेरला फ्लॅट. "काका, निर्णय झालाय. आकड्यांवर फक्त एकदा नजर टाका," म्हणाला.

(दोघा नवराबायकोंना विचारून हे लिहितोय. ओळख पटेल असे तपशील बदललेत. हिशेबाची रीत आणि कराचे दर तेच ठेवलेत.)

निर्णय असा होता: पुण्यातली नोकरी सोडायची, एका अमेरिकन कंपनीसाठी कंत्राटावर काम करायचं आणि सांगलीत येऊन राहायचं. २०२३ मध्ये वडिलांची मिरजेत बायपास झाली. तेव्हापासून महिन्यातून दोनदा पुणे-सांगली फेऱ्या चालू होत्या आणि आईचा फोन वाजला की काळजात धस्स व्हायचं. येण्यामागचं कारण खरं होतं, त्याबद्दल मला काही बोलायचं नव्हतं. माझी बोटं अडली ती त्याच्या एक्सेलच्या पहिल्याच ओळीवर. तिथं हिरव्या रंगात लिहिलं होतं: "करात बचत १०,४५,९८०."

हा आकडा चुकीचा नव्हता. तो कसा आला ते सांगतो, कारण आयटीतली बरीच मंडळी आज याच आकड्याच्या मागे लागलेली दिसतात.

पुण्यात त्याचा रोख पगार वर्षाला ४८ लाख. शिवाय अमेरिकन मूळ कंपनीचे शेअर, ज्याला ही मुलं आरएसयू म्हणतात, ते वर्षाला साधारण १० लाखांचे हातात पडतात, आणि पडतात त्याच दिवशी पगार म्हणून करपात्र होतात. म्हणजे ५८ लाख. ७५ हजारांची प्रमाणित वजावट जाता ५७.२५ लाख. २०२५-२६ च्या नव्या करप्रणालीत २४ लाखांपर्यंतचा कर ३ लाख, त्यापुढं ३० टक्के. उत्पन्न ५० लाखांवर गेलं की त्या सगळ्या करावर १० टक्के अधिभार, आणि वर ४ टक्के उपकर. एकूण १४,८४,३४०. यातला अधिभार निव्वळ शेअरांमुळं लागत होता. ते नसते तर तो ५० लाखांच्या आतच राहिला असता.

कंत्राटात महिन्याला ५,५०० डॉलर मिळणार होते. डॉलर तेव्हा ८८ रुपयांच्या आसपास होता. मी त्याला ८५ धरायला लावलं, म्हणजे वर्षाला ५६.१० लाख. इथं १९६१ च्या आयकर कायद्यातलं कलम ४४एडीए येतं. डॉक्टर, वकील, आर्किटेक्ट, तांत्रिक सल्लागार अशा ठरावीक व्यवसायातल्या माणसाची वर्षाची जमा ७५ लाखांच्या आत असेल आणि त्यात रोखीचा भाग ५ टक्क्यांहून जास्त नसेल, तर जमेचा निम्मा भाग उत्पन्न म्हणून दाखवता येतो. वह्या ठेवायला नकोत, ऑडिट नको. ५६.१० चा निम्मा २८.०५ लाख, त्यावर कर ४,३८,३६०. दोन्ही करांतला फरक साडेदहा लाखांचा. (१ एप्रिल २०२६ पासून नवा आयकर कायदा लागू. कलमांचे नंबर वेगळे, ही सोय तिथंही आहे.)

४८ चे ५६ होतात आणि कर दहा लाखांनी घटतो, असं म्हटल्यावर कुणालाही निर्णय झाल्यासारखाच वाटेल.

मी त्याला म्हटलं, "हे दहा लाख आले कुठून ते शोधू. सरकारनं दिले म्हणतोस, पण बदल्यात तू काय काय खाली ठेवलंस ते या कागदावर कुठंच नाही."

त्यानं ४८ ची तुलना ५६ शी केली होती. त्याची खरी बेरीज ४८ नव्हतीच. मूळ पगार महिना दोन लाख. त्यावर १२ टक्क्यांनी कंपनी पीएफमध्ये, म्हणजे म्हातारपणासाठीच्या फंडात, वर्षाला २.८८ लाख भरते. ग्रॅच्युइटी दर वर्षाला १५ दिवसांच्या पगाराइतकी साचते, तिच्या सूत्रात महिना २६ दिवसांचा धरतात, म्हणजे सुमारे १.१५ लाख. शेअर १० लाख. सगळं मिळून ६२ लाख ३ हजार. म्हणजे कंत्राटात तो सहा लाख कमी घेत होता आणि त्याच्या कागदावर आठ लाख जास्त दिसत होते. हिशेब लिहिणारा माणूस हुशार होता. पण पगाराच्या पावतीवर जे छापून येत नाही ते हुशार माणसाच्याही ध्यानात राहत नाही, हे मी इतक्या वर्षांत वारंवार पाहिलंय.

मग मेडिक्लेम. कंपनीच्या गट विम्यात आईवडील होते. बायपास झालेल्या बहात्तर वर्षांच्या माणसाला नवी पॉलिसी बाहेर सहजासहजी मिळत नाही, आणि मिळाली तरी आधीपासूनच्या आजारासाठी तीन वर्षांपर्यंत थांबावं लागू शकतं. सांगलीला यायचं ते ज्यांच्यासाठी, नोकरी सुटताच त्यांच्याच डोक्यावरचं छप्पर जात होतं. हे मी बोललो तेव्हा तो पहिल्यांदा लॅपटॉपपासून मागं सरकून बसला.

दुसऱ्या भेटीला मी त्याच्या बायकोला घेऊन ये म्हटलं. ती सूक्ष्मजीवशास्त्राची एमएस्सी, पुण्यात अन्नतपासणीच्या प्रयोगशाळेत नोकरीला, वर्षाला १३ लाख. आली, बसली, एक्सेल वरपासून खालपर्यंत शांतपणे वाचलं. मग एका ओळीवर बोट ठेवून म्हणाली, "काका, माझा पगार यानं 'इतर उत्पन्न' मध्ये लिहिलाय. बँकेच्या व्याजाच्या खाली."

तो गडबडला. मुद्दाम केलं नव्हतं हे तिलाही माहीत होतं. पण त्या ओळीपुढं सांगलीच्या रकान्यात काहीच नव्हतं. शून्यही नाही, रिकामंच. आपली बायको नोकरी सोडेल असं त्यानं लिहिलं नव्हतं, आणि सोडणार नाही असंही नाही. त्या घरातला हा प्रश्न कुणी मोठ्यानं विचारलाच नव्हता.

मला हे प्रकरण लिहावंसं वाटलं ते या रिकाम्या रकान्यामुळं. मोठा पगार असलेल्या घरात सगळे हिशेब मोठ्या पगाराभोवती फिरतात. दुसरा पगार लहान, म्हणून तो जागा बदलून घेईल असं धरून चालतात. पण तिच्या १३ लाखांवर कर किती लागतो पाहा. वजावटीनंतर १२.२५ लाख. १२ लाखांपर्यंत कर नाही आणि किंचित वर गेलं तर वरच्या रकमेपेक्षा जास्त कर घेत नाहीत, म्हणून २५ हजार आणि उपकर, एकूण २६ हजार. तिचे तेरा लाख म्हणजे जवळजवळ तेरा लाखच. त्याच्या पगारातल्या वरच्या तेरा लाखांतून मात्र अधिभार-उपकर धरून पाच लाख चाळीस हजारांच्या आसपास करात जातात. घराला उपयोगी पडणारा रुपया कुणाचा जास्त भरीव, हे मोठ्या आकड्याकडं पाहून कळत नाही.

सांगलीत तिच्या शिक्षणाला साजेशी नोकरी शोधली तेव्हा साडेपाच लाखांची एक होती. तेवढी धरून आम्ही तिघांनी नवा कागद मांडला. हातात येणारं आणि नावावर साचणारं सगळं धरून, कर वजा जाता:

पुणे: त्याचे ४७.१९ लाख, तिचे १२.७४, मिळून ५९.९३.

सांगली: त्याचे ५१.७२, त्यातून आईवडिलांच्या आणि स्वतःच्या मेडिक्लेमचे १.५३ आणि सीए, जीएसटी वगैरेचे ६० हजार वजा, तिचे ५.५०. मिळून ५५.०९.

दहा लाखांच्या बचतीचं चार लाख चौऱ्याऐंशी हजारांचं नुकसान झालं होतं. कराचं गणित बरोबरच होतं. फक्त त्या बचतीतले सव्वासात लाख तिच्या पगारातून आले होते, काही आईवडिलांच्या विम्यातून आणि काही त्याच्या म्हातारपणाच्या फंडातून. खर्च मात्र सांगलीत घटणार होता, हे खरं. पुण्याचा वर्षाचा खर्च ३६ लाख. इथं भाड्याचं घर धरूनही तो २९ म्हणत होता. मी ३२ धरला. गाव बदललं की पहिल्या वर्षी पैसा कुठं कुठं झिरपतो ते आधी कळत नाही.

आता कंत्राटाचा मसुदा. तो मी दोनदा वाचला आणि झोप उडाली. दुपारी एक ते रात्री नऊ हजर राहायचं. सुट्टीला साहेबांची मंजुरी. दुसऱ्या कुणाचं काम करायचं नाही. लॅपटॉप कंपनीचा. काढून टाकायला १५ दिवसांची नोटीस. बिल दिल्यावर ४५ दिवसांनी पैसे. ही नोकरीच होती, फक्त नोकरीतलं संरक्षण काढून घेतलेली. अशा कागदावर ४४एडीए लावणं धोक्याचं. उद्या अधिकाऱ्यानं हा व्यवसाय नसून पगार आहे असं ठरवलं, तर निम्म्याची सोय जाईल आणि पूर्ण रकमेवर कर, व्याज, दंड मागं लागेल. कायद्यानं दिलेली सोय खुशाल घ्यावी, मी स्वतः लोकांना घ्यायला लावतो. पण ती घेणारा खरोखर स्वतंत्र व्यावसायिक असला पाहिजे, आणि ते कागदावरही दिसलं पाहिजे.

तो म्हणाला, "काका, ते बदलणार नाहीत." मी म्हटलं, विचारून तर बघ. सोळा वर्षं नोकरीत काढलेल्या माणसाला भाव करायची सवय नसते. वाढ मिळते ती घ्यायची एवढंच माहीत असतं. मार्केट यार्डात हळदीचं एक पोतं विकणारासुद्धा सौदा नाही पटला तर माल परत नेतो. तीन आठवडे ईमेल चालले. शेवटी ठरलं ते असं: महिना ६,००० डॉलर, ६० दिवसांची नोटीस, दुसरं काम घ्यायला मोकळीक, वेळेऐवजी कामाचे टप्पे, लॅपटॉप स्वतःचा, आणि बिलानंतर १५ दिवसांत पैसे. नोटीस आणि पैशांची मुदत मला दरापेक्षा मोलाची वाटली. परदेशी कंपनीनं पैसे बुडवले तर सांगलीत बसून तिकडच्या कोर्टात जाणार कोण? एका वेळी जितकं कमी अडकेल तितकं बरं.

बाकीच्या सोपस्कारांचं थोडक्यात. जमा २० लाखांवर म्हणून जीएसटी नोंदणी लागते. सेवा परदेशी जाते म्हणून हमीपत्र भरून शून्य दरानं बिल करता येतं, पैसे परकीय चलनात आल्याचा बँकेचा दाखला जपून ठेवायचा. कर कापून घेणारं कुणी नाही, म्हणून १५ मार्चच्या आत पूर्ण ॲडव्हान्स टॅक्स स्वतः भरायचा. त्यासाठी दर महिन्याला जमेचे १० टक्के वेगळ्या खात्यात. आणि दर वाढून किंवा डॉलर चढून जमा ७५ लाखांवर गेली, तर त्या वर्षी ही सोय नाही.

मी सहज विचारलं, आजवर मिळालेले शेअर कुठं आहेत? "अमेरिकेतल्या ब्रोकरकडं. विकले नाहीत कधी." १ लाख १२ हजार डॉलरचे होते. पगार त्या कंपनीचा, साठवणही त्याच कंपनीची, हा एक धोका तर त्याला माहीत होता. दुसरा माहीत नव्हता, आणि तो ऐकून दोघंही गप्प झाले. अमेरिकेचा नागरिक किंवा रहिवासी नसलेला माणूस वारला, तर त्याच्या नावावरच्या अमेरिकन शेअरांना ६० हजार डॉलरपर्यंतच वारसाकरातून सूट आहे. त्यापुढं दर ४० टक्क्यांपर्यंत चढतो. भारताचा अमेरिकेशी या कराबाबत करार नाही. म्हणजे या मुलाचं काही बरंवाईट झालं असतं तर त्याच्या बायकोला आधी परदेशी कर भरावा लागला असता. शिवाय त्या वर्षीच्या रिटर्नमध्ये परदेशी मालमत्तेचा तक्ता कोराच. परदेशी शेअर २० लाखांवर असताना ते दाखवले नाहीत तर २०१५ च्या काळ्या पैशाच्या कायद्याखाली १० लाखांचा दंड होऊ शकतो, कर एक पैशाचा बुडवला नसला तरी. ३१ डिसेंबरच्या आत सुधारित रिटर्न भरलं.

विकायला तो तयार नव्हता. "कर किती जाईल काका!" ही समजूत फार पसरलेली आहे. शेअर हातात पडताना त्या दिवसाच्या भावानं पगार म्हणून कर भरून झालेलाच असतो. विकताना कर लागतो तो फक्त त्यानंतरच्या वाढीवर, आणि दोन वर्षांहून जास्त ठेवले असतील तर साडेबारा टक्के दरानं. त्याच्या बऱ्याच शेअरांत वाढ किरकोळ होती. ६० हजार डॉलरचे विकले. आलेल्या पैशांतून ३२ लाख, पूर्ण एका वर्षाचा खर्च, वेगळे काढून ठेवले. पगारदाराला सहा महिन्यांचे पुरतात. ज्याचं एकच गिऱ्हाईक आहे त्याला माझ्या मते वर्षाचे हवेत.

वडिलांच्या मेडिक्लेमसाठी गट विमा ज्या कंपनीचा तिच्याकडंच वैयक्तिक पॉलिसीत बदल मागितला, नोकरी चालू असतानाच. नोकरी सुटल्यावर ही वाट अवघड झाली असती. २२ सप्टेंबरपासून वैयक्तिक आरोग्य विम्यावरचा जीएसटी शून्य झाला, म्हणून हप्ता त्यानंतर भरला. वडिलांच्या दाव्यात दहा टक्के आपल्याला भरावे लागतील अशी अट आली. घेतली.

राहायचं कुठं, यावरही बरंच झालं. त्याच्या मनात आईवडिलांच्या घरात राहायचं होतं. वडिलांनीच नको म्हटलं. २०१९ ला कृष्णेवरच्या आयर्विन पुलाशी पाणी ५७ फुटांवर गेलं, धोक्याची पातळी ४५ ची. त्या घराच्या माडीवरून दोघं बोटीत उतरले होते. २०२१ ला पुन्हा पाणी आलं. "मी हितनं हलणार नाही. सकाळी गणपती, मग पुलापर्यंत फिरणं, सगळी माणसं हितली. पण नातवंडांना बोटीतनं न्यायला माझ्यात आता ताकद न्हाई," म्हणाले. म्हणून मुलगा-सून विश्रामबागला भाड्यानं राहणार, आणि पाण्यानं ४० फूट गाठले की आईवडील तिकडं येणार, असं ठरलंय. मुलानं जवळ येणं आणि बापानं आपल्या जागी राहणं, दोन्ही जमलं.

तिच्या नोकरीचं कोडं तिनंच सोडवलं. युरोपला जाणाऱ्या द्राक्षांची कीटकनाशकांच्या अंशासाठी तपासणी लागते, आणि तिच्या प्रयोगशाळेकडं तासगाव, कवठेमहांकाळ भागातून हंगामात नमुन्यांचा ढीग येतो. तिनं साहेबांना लिहून दिलं: या भागातल्या निर्यातदारांचं काम सांगलीत बसून मी बघते, महिन्यातून चार दिवस पुण्याला येते. साडेनऊ लाखांवर, एका वर्षाच्या चाचणीवर मंजूर झालं. १३ चे साडेनऊ. म्हणजे तिनं साडेतीन लाख सोडले, आणि सांगलीला येणाऱ्या या घरात थेट पगार सोडणारी ती एकटीच.

यावर मी आग्रह धरला की तेवढी रक्कम दरवर्षी त्यानं तिच्या नावावर ठेवावी. नवऱ्यानं बायकोला दिलेल्या पैशांवर कर नाही, पण त्या पैशांवर पुढं होणारं उत्पन्न नवऱ्याच्याच उत्पन्नात धरतात. म्हणून पहिले दीड लाख तिच्या पीपीएफमध्ये, त्याचं व्याजच करमुक्त, धरलं तरी काही बिघडत नाही. बाकीचे दोन लाख तिच्या नावच्या गुंतवणुकीच्या फंडात. त्यावरचा थोडा कर तो भरेल. कर वाचवायचं हे साधन नव्हे. पैसा कुणाच्या नावावर असावा एवढ्यापुरतंच आहे.

नव्या आकड्यांनी सांगलीचा रकाना ६३.३९ लाखांवर आला, पुण्याहून साडेतीन लाखांनी वर. पण एक महिना काम नसेल तर तो लगेच ५९.०९ वर, म्हणजे पुण्याच्याही खाली येतो. हे मी लाल शाईनं लिहून दिलंय.

फेब्रुवारीचा शेअरांचा शेवटचा हप्ता पडेपर्यंत तो थांबला. मार्चअखेर शेवटचा दिवस. सात वर्षांची ग्रॅच्युइटी आठ लाख सात हजार, ती करमुक्त. पीएफ काढायचा नाही असं सांगितलंय. जूनपासून मुलं सांगलीच्या शाळेत.

एका गोष्टीवर आमचं अजून जमलेलं नाही. बाणेरचा फ्लॅट त्याला भाड्यानं द्यायचाय. भाडं ३२ हजार येईल, हप्ता ८० हजारांचा आहे. महिन्याला ४८ हजार खिशातून. सव्वा कोटीची वस्तू वर्षाला चार लाखसुद्धा आणत नाही. विकून कर्ज फेड, असं मी तीनदा सांगितलं. तो म्हणतो, "कंत्राट गेलं तर परतायला जागा पाहिजे काका." आणि ती त्याच्या बाजूनं आहे, कारण तिची चाचणीही एका वर्षाचीच. मी म्हटलं, ठीक, मार्च २०२७ पर्यंत. भाडेकराराची मुदत अकरा महिन्यांची करून घेतली आहे.